साडेसात किलोच्या बोक्याचं काय करायचं

अगं, तुझा बोका साडेसात किलोचा म्हणजे जरा जास्तच झालं, पण घाबरून त्याचं खाणं एकदम तोडू नकोस हं, हे सगळ्यात आधी. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं ना की अंगातली चरबी लिव्हरमध्ये साठायला लागते आणि जिवावर बेततं, "भूक लागली की खाईल" हे मांजराला चालत नाही. आधी व्हेटकडून तपासून घे, किती उतरवायचं ते त्यांनाच ठरवू दे. आठवड्याला वजनाच्या 1 टक्का, म्हणजे तुझ्याकडे 75 ग्रॅम उतरलं तरी पुष्कळ.

आमची मनी ऑपरेशननंतर अशीच फुगलेली, हात फिरवला तरी बरगडी लागायची नाही. मी म्हणायचे मूठभरच तर घालते, मग एकदा किचनच्या वजनकाट्यावर ती मूठ मोजली तर 40 ग्रॅम निघाली, आणि सासूबाई दुपारी गुपचूप घालायच्या ते निराळंच! आता सकाळीच दिवसभराचं ड्राय फूड मोजून एका डब्यात, डबा संपला की दुकान बंद, कोणीही घाला. थोडं ड्राय कमी करून वेट फूड दे, त्यात पाणी जास्त असतं त्यामुळे कमी कॅलरीत पोट भरतं. दूध बंदच.

पहाटे चारला तोंडावर पंजा मारून उठवेल, उठायचं नाही, एकदा उठलीस की संपलं. काडीला दोऱ्याने पीस बांधून रोज दहा मिनिटं पळव, पण खेळून झालं की दोरा उचलून ठेव, गिळतात मेले.