शिफारस करणाऱ्याचा पगार कोण देतं?

ब्रोकर आणि विश्लेषक यांच्या सल्ल्यावर किती विसंबायचं, या एकाच विषयावर इतकी पत्रं साठली आहेत की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. बहुतेकांनी पैसे घातल्यावर लिहिलं आहे. आधी विचारलं असतं तर दोन ओळींत काम भागलं असतं.

प्रश्न : ब्रोकरच्या ॲपवर एका शेअरला 'बाय' दिलं आहे. टार्गेट वर्षभरात 28 टक्के वर. घेऊ का? (नाशिक)

केवळ तेवढ्यावर नाही. टार्गेट हा अंदाज असतो, हमी नव्हे.

प्रश्न : जवळजवळ सगळे रिपोर्ट 'बाय'च का सांगतात? (ठाणे)

कारण 'सेल' लिहिणं विश्लेषकाला महाग पडतं. ज्या कंपनीबद्दल लिहायचं तिच्याच व्यवस्थापनाच्या भेटी त्याला हव्या असतात. ज्या फंडांना तो रिपोर्ट पाठवतो, त्यांच्याकडे तो शेअर पुष्कळदा आधीच असतो. त्याच समूहाची मर्चंट बँकिंग शाखा (कंपन्यांना भांडवल उभारून देणारी) त्या कंपनीचं काम मिळवायच्या प्रयत्नात असू शकते. अमेरिकेत एन्रॉन ही ऊर्जा कंपनी डिसेंबर 2001 मध्ये दिवाळखोरीत गेली; ऑक्टोबरपर्यंत तिच्यावर लिहिणाऱ्या बहुतेक विश्लेषकांचं मत 'खरेदी करा' असंच होतं. पुढे 2003 मध्ये तिथल्या दहा मोठ्या संस्थांनी विश्लेषकांच्या अशाच हितसंबंधांच्या प्रकरणात सुमारे 1.4 अब्ज डॉलर भरून तडजोड केली. म्हणून 'बाय'चं 'होल्ड' झालेलं दिसलं की थांबून वाचा. विश्लेषकाला वाईट बातमी सांगायची असते तेव्हा तो पुष्कळदा एवढंच म्हणतो.

प्रश्न : मग रिपोर्ट वाचायचेच नाहीत का? (पुणे)

वाचा, पण शेवटच्या पानापासून. तिथे बारीक अक्षरांत डिस्क्लोजर असतं. सेबी, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या 2014 च्या नियमांनुसार विश्लेषकाचा किंवा संस्थेचा त्या कंपनीत आर्थिक हितसंबंध आहे का, 1 टक्का किंवा अधिक हिस्सा आहे का, गेल्या 12 महिन्यांत तिच्याकडून मोबदला मिळाला का, हे सांगावं लागतं. मग धंद्याची माहिती वाचा : कर्ज किती, गिऱ्हाईक कोण, कच्चा माल कुठला. चांगल्या विश्लेषकाची मेहनत तिथे दिसते आणि ती खरोखर उपयोगी असते. टार्गेट सर्वांत शेवटी बघा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. ब्रोकरच्या ऑफिसातला मुलगा फार चांगला आहे. दर महिन्याला फोन करून 'हे विका, ते घ्या' सांगतो. 5 लाखांचे शेअर होते. वर्षभर बाजार बरा होता, तरी रक्कम आहे तिथेच. माझं काय चुकलं? (सांगली)

बाई, वही घेऊन बसा. तुमच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर (ब्रोकर सौद्याचं बिल देतो त्यावर) दलाली अर्धा टक्का दिसते. महिन्यातून एकदा सगळे शेअर विकून दुसरे घेतले, तर 5 लाखांच्या विक्रीवर 2,500 आणि खरेदीवर 2,500 रुपये. वर्षाचे 60,000. त्यावर 18 टक्के जीएसटी, 10,800. एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा कर, दोन्ही बाजूंनी 0.1 टक्का, म्हणजे वर्षाला 12,000. मुद्रांक शुल्क किरकोळ, ते सोडून देऊ. बेरीज 82,800. शेअर साडेसोळा टक्के वाढले, तरी तुम्ही होतात तिथेच. शिवाय वर्षाच्या आत विकल्यामुळे झालेला नफा अल्पकालीन धरला जातो आणि जुलै 2024 पासून त्यावर 20 टक्के कर आहे.

मुलगा चांगला असेलही. मी स्वतः सहा वर्षं एका ब्रोकिंग कार्यालयात काढली आहेत. सकाळी साडेआठला मीटिंग व्हायची आणि फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे काल आणलेली दलाली लिहिलेली असायची. कुठल्या ग्राहकाचे किती वाढले, हा रकाना त्या फळ्यावर कधीच नव्हता. ज्याचा पगार उलाढालीतून निघतो, तो 'यंदा काही करू नका, बसून राहा' असं सांगणार नाही. तुमच्या वयाला मात्र बहुतेक वेळा तोच सल्ला योग्य असतो. हे मी प्रत्येक सभेत सांगतो, तरी दर महिन्याला अशी पत्रं येतातच आणि पेन्शनीतले पैसे असे झिरपताना पाहून मला फार वाईट वाटतं.

आता करायचं ते असं. विक्रीसाठीचा टीपिन किंवा ओटीपी त्याला सांगू नका. 12 महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट आणि लेजर (खात्याचा उतारा) मागवा आणि ते घेऊन तुमच्या सीएकडे जा. पुढचा सल्ला फक्त फी घेणाऱ्या, सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागाराकडून घ्या. त्याचा नोंदणी क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो. तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

प्रश्न : टीव्हीवरच्या तज्ज्ञाने सांगितल्यावर लगेच घेतला तर? (कोल्हापूर)

उशीर झालेला असतो. फेब्रुवारी 2024 मध्ये सेबीने एका अंतरिम आदेशात, वाहिनीवर येणारे काही पाहुणे आपली शिफारस आधीच दुसऱ्यांना कळवत आणि ते लोक प्रेक्षकांच्या खरेदीवर शेअर विकत, असं प्रथमदर्शनी नोंदवलं आहे.

प्रश्न : मेहुण्यांच्या टेलिग्राम ग्रुपवर एका छोट्या कंपनीची आतली बातमी आहे. (लातूर)

आतली बातमी हजार जणांच्या ग्रुपवर नसते. 2022 मध्ये साधना ब्रॉडकास्ट या कंपनीबद्दल यूट्यूबवर खोट्या बातम्या पसरल्या आणि शेअर चढला. काही हजार भागधारकांचे बघता बघता पन्नास हजारांवर झाले आणि आधीच शेअर घेऊन बसलेले लोक विकून मोकळे झाले. ग्रुप चालवणाऱ्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागा. विश्लेषकाचा आयएनएचने सुरू होतो. मिळाला नाही तर ग्रुप सोडा. मेहुण्यांनाही सांगा.

प्रश्न : तुम्हीच दोन-तीन चांगले शेअर सुचवा. (बेळगाव)

नाही. तुमचं वय, कर्ज, विमा, घरातली जबाबदारी, यातलं मला काही माहीत नाही.

प्रश्न : 'तुम्ही काही बघू नका, महिन्याला 3 टक्के देतो' म्हणून ब्रोकरच्या माणसाने माझ्या खात्याचा पासवर्ड घेतला. खात्यात ऑप्शनचे (भाव कुठे जाईल यावरचे मुदतीचे) सौदे करून 4 लाख घालवले. याला 14 महिने झाले. तो 'भरून काढतो' म्हणतोय. थांबू का? (अहिल्यानगर)

एक दिवसही थांबू नका. ठरावीक परताव्याची हमी द्यायची ब्रोकरला किंवा त्याच्या माणसाला परवानगीच नाही. आणि ऑप्शनमध्ये तो काय भरून काढणार? सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात होते.

पासवर्ड आत्ता बदला. ब्रोकरच्या तक्रार विभागाला ईमेल करा, फोन नको. दाद मिळाली नाही तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर जा. स्टॉक एक्स्चेंजकडून रोज संध्याकाळी आलेले एसएमएस पुसू नका. ते तुम्हाला वेळच्या वेळी पोहोचले होते, म्हणून '14 महिने गप्प का बसलात' हा प्रश्न तुम्हाला नक्की विचारला जाईल. पासवर्ड स्वतः दिलात, हेही विरुद्ध जाईल. दावा कमजोर झाला आहे, पण सोडून देऊ नका. त्याचे व्हॉट्सॲप मेसेज छापून घ्या आणि याच आठवड्यात शेअर बाजाराची प्रकरणं हाताळणाऱ्या वकिलाला गाठा.