अहवाल मुलीचा आहे, तिच्यापासून लपवू नका

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची असून नववीत शिकते. तिची उंची वर्गात सर्वांत कमी आहे आणि पाळी अजून आलेली नाही, म्हणून परळच्या एका रुग्णालयात तपासण्या केल्या. गुणसूत्रांच्या अहवालात ‘४५, एक्स’, म्हणजे टर्नर सिंड्रोम, असे निदान आले. तिच्या जन्माच्या वेळी मी ३७ वर्षांची होते. उशिरा मूल झाल्याचा हा परिणाम, असे सासूबाई म्हणतात. दहावी होईपर्यंत तिला काही सांगू नये, असे यजमानांचे मत आहे. नणंदेला आतापासूनच तिच्या लग्नाची काळजी लागली आहे. मी काय करू? — एक आई, लालबाग

उत्तर : सासूबाईंच्या बोलण्याचा आधी निकाल लावू, कारण ते तुमच्या मनाला सर्वांत जास्त लागलेले दिसते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ साली निश्चित झाले. त्यापूर्वी ती ४८ मानली जात. पुढे १९५९ साली डाउन सिंड्रोममध्ये एकविसावे गुणसूत्र एकाने जास्त असते आणि टर्नर सिंड्रोममध्ये एक एक्स नसते, हे दोन्ही उघड झाले. आईच्या वयाचा संबंध यांपैकी डाउनशी आहे आणि तो खराच आहे : पंचविशीत साधारण बाराशे जन्मांत एक असलेले प्रमाण चाळिशीत शंभरात एकाच्या आसपास जाते. टर्नरच्या बाबतीत मात्र असा संबंध आढळत नाही. उलट, अशा बहुतेक मुलींमध्ये उरलेले एक्स आईकडून आलेले असते आणि वडिलांकडचे गळालेले असते. (ही माहिती यजमानांना ऐकवण्यासाठी कृपया वापरू नका, शुक्रजंतू तयार होताना किंवा गर्भाच्या पहिल्या काही विभाजनांत एखादे गुणसूत्र गळते, त्यावर कोणाचाच ताबा नसतो.)

एक्सखेरीज दुसरे कोणतेही गुणसूत्र सर्व पेशींत पूर्णपणे एकटे राहिले, तर मूल जन्मापर्यंत पोहोचत नाही. एकच एक्स असलेले गर्भही बहुतांशी पहिल्या काही महिन्यांतच पडतात, शंभरातला जेमतेम एखादा जन्मतो, आणि तरीही जन्मलेल्या दोन ते अडीच हजार मुलींमागे एक अशी मुलगी असते.

यजमानांचा सल्ला मला मान्य नाही आणि त्याचे कारण भावनिक नाही. उंची वाढवणारे संप्रेरक रोज इंजेक्शनने द्यावे लागते आणि हाडांची टोके जुळून येईपर्यंतच त्याचा उपयोग होतो. ती अजून मोकळी आहेत की नाहीत, हे मनगटाच्या एक्स-रेवरून कळते. दहावीपर्यंत थांबल्यास ही संधी हातची जाऊ शकते. पाळी आणि हाडांची बळकटी यांसाठी इस्ट्रोजेनचे उपचारही आता, अल्प मात्रेपासून, सुरू व्हायला हवेत. नववीतल्या मुलीला रोज सुई टोचायची आणि ती कशासाठी हे सांगायचे नाही, असे घर कसे चालेल? शिवाय अहवालावरचे दोन शब्द ती मोबाइलवर शोधणारच. ते तिने तुमच्या तोंडून ऐकलेले बरे.

सगळे एका दमात सांगू नका. प्रथम उंची आणि संप्रेरके. त्यानंतर हृदयाचा इको, मूत्रपिंडाची सोनोग्राफी, कान आणि थायरॉईड यांच्या तपासण्या का करायच्या ते सांगा. महाधमनीतील दोष या मुलींत बऱ्याचदा आढळतो, म्हणून इको टाळू नये. वाय गुणसूत्राचा अंश नाही ना, हेही डॉक्टरांना विचारून घ्या, कारण तो असल्यास बीजांडकोशात गाठ होण्याचा धोका असतो आणि निर्णय वेगळा घ्यावा लागतो. बुद्धी सहसा सर्वसाधारणच असते. भूमितीत ती अडखळत असेल तर रागावण्याऐवजी शिकवणी लावा.

मूल होण्याविषयी तिने विचारले, तर खरे सांगा : नैसर्गिकरीत्या गर्भ राहणे क्वचितच घडते, दात्या स्त्रीचे बीज घेऊन काहींना मूल होते, पण त्या गरोदरपणात महाधमनीला धोका असल्याने आधी हृदयाची कसून तपासणी लागते, आणि दत्तक घेण्याचा मार्ग आहेच. तिने विचारले नाही, तर एखादे वर्ष थांबायला हरकत नाही. त्याहून जास्त नाही.

नणंदेला ‘उपचार चालू आहेत’ एवढे सांगितलेत तरी पुरे. पुढे स्थळे येतील तेव्हा मुलाला ही गोष्ट लग्नाआधी कळायलाच हवी. पण ती कधी आणि कशी सांगायची, हे सज्ञान झालेली तुमची मुलगी ठरवील. तोवर अहवालाची फाइल नातेवाइकांत फिरू देऊ नका.

पुढच्या भेटीला यजमानांना बरोबर घेऊन जा, एक्स-रेचा विषय तिथेच काढा आणि थोडा वेळ डॉक्टरांना मुलीशी एकटीशी बोलू द्या. आईबाबांसमोर न विचारता येणारे प्रश्न चौदाव्या वर्षी असतातच.