चार्जर चांगला, खोट टॉर्चमध्ये

प्रश्न : आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री मोटार चालू करायला जाताना लागतो म्हणून डोक्याला बांधायचा टॉर्च घेतला. त्याला टाईप-सीचं तोंड आहे. मोबाईलच्या नव्या चार्जरला, दोन्हीकडं सी पिन असलेल्या वायरनं लावला, तर लाल दिवासुद्धा लागत नाही. मोबाईल त्याच चार्जरवर झकास चार्ज होतो. आणि जुन्या चार्जरच्या वायरनं टॉर्चही होतो. दुकानदार म्हणतो, नवा चार्जर डुप्लिकेट आहे. खरं काय?

उत्तर : चार्जर चांगला आहे. दुकानदार मुद्दाम फसवतोय असंही नाही, त्याला वाटलं ते त्यानं सांगितलं. खोट टॉर्चमध्ये आहे आणि ती फार तर एक-दोन रुपयांची आहे.

जुन्या चार्जरचं चौकोनी तोंड म्हणजे चावी नसलेला नळ. तुम्ही काही जोडा न जोडा, ५ व्होल्ट तिथं कायम हजर. टाईप-सीचं तसं नाही. पिन घातली तरी चार्जर आधी चाचपून बघतो, पलीकडं कुणी घेणारं आहे का. त्यासाठी सीच्या तोंडात 'सीसी' नावाच्या दोन पिना असतात. टॉर्च असो की मोबाईल, चार्ज होणाऱ्या वस्तूच्या आत या प्रत्येक पिनेपासून ग्राउंडपर्यंत, म्हणजे उणे बाजूपर्यंत, ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टन्स लागतो. तो दिसला की मगच चार्जर ५ व्होल्ट सोडतो. नाही दिसला तर ढिम्म बसून राहतो. स्वस्तातल्या वस्तूंना तोंड सीचं बसवतात आणि नेमके हे दोन रेझिस्टन्स गाळतात. खोक्यात जी वीतभर वायर देतात ती चौकोनी पिनेची असते, तिच्यावर चालतं, म्हणजे झालं!

मलाही हे उशिराच कळलं. सांगलीत विश्रामबागच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एकानं दाढीचा ट्रिमर आणला, चार्ज होत नाही म्हणून. मी सेल बदलला, टेबलावरच्या जुन्या वायरनं चार्ज करून दाखवला, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी गृहस्थ परत, 'घरी तेच रडगाणं.' तेव्हा कुठं भिंगाखाली धरलं. सहा पिनांचं तोंड होतं. कडेच्या चार पिनांना तांब्याच्या पट्ट्या गेलेल्या, मधल्या दोन बोर्डावर नुसत्या टेकलेल्या, पुढं काहीच नाही. हिरवा-तपकिरी-लाल पट्ट्यांचे दोन रेझिस्टन्स बारीक तारेनं जोडले आणि दिवा लागला. सेलचे पैसे परत दिले, काय करणार.

काहीजण दोन्ही पिना एकत्र करून एकाच रेझिस्टन्सवर भागवतात. तेही अंगलट येतं. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ या नावाजलेल्या छोट्या संगणकात हीच चूक होती. साध्या वायरीवर तो चाले, आत चिप असलेल्या भारी वायरीवर चालत नसे. पुढच्या बोर्डात त्यांनी ती सुधारली. मोठ्यांचं हे असं, तर टॉर्चवाल्याला काय बोलायचं?

तूर्त जुना चार्जर टाकून देऊ नका, टॉर्चसाठी तोच ठेवा. दुरुस्तच करायचा असेल तर ओळखीच्या कारागिराला 'सीसीच्या दोन्ही पिनांना वेगवेगळे ५.१के लाव' एवढंच सांगा. उघडल्यावर रबरी सील पुन्हा नीट बसलंय का ते बघून घ्या, नाहीतर पहाटेच्या दवानं आणि फवाऱ्यानं टॉर्चच जायचा. पुढच्या वेळी घेताना सी-टू-सी वायर खिशात न्या आणि दुकानातच लावून बघा. युरोपनं २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाईलना टाईप-सी सक्तीचं केलं, आयफोनलाही ते २०२३ मध्ये आलं. तोंडं सगळ्यांची सारखी झाली, पण आत काय जोडलंय ते बाहेरून दिसत नाही.

प्रश्न : मुलानं पुण्याहून ६५ वॅटचा चार्जर आणलाय. माझा जुना फोन १५ वॅटचा. जळणार नाही ना? आणि एवढ्याशा डबीत एवढी ताकद कशी? (मिरज, निवृत्त शिक्षिका)

उत्तर : बाई, बिनधास्त लावा. ६५ वॅट हा चार्जरचा आवाका, किती घ्यायचं ते फोन ठरवतो. सुरुवात ५ व्होल्टनंच होते. ९, १५ किंवा २० व्होल्ट हे फोननं त्याच सीसी पिनेवरून मागितल्याशिवाय येत नाहीत. एवढ्या लहान ६५ वॅटच्या चार्जरवर बहुधा 'गॅन' असं छापलेलं असतं. म्हणजे आतला स्विच सिलिकॉनचा नाही, गॅलियम नायट्राइडचा. तो सेकंदाला लाखाच्या पुढं वेळा चालू-बंद होऊनही फार तापत नाही आणि वेग वाढला की ट्रान्सफॉर्मर लहान करता येतो. हाच पदार्थ निळ्या एलईडीत असतो. ती घडवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं. तुमच्या घरातला पांढरा एलईडी दिवासुद्धा पोटात निळाच असतो, वरून पिवळ्या पावडरीचा लेप. मुलाला मात्र सांगा, लॅपटॉपला पूर्ण ६५ वॅट हवे असतील तर ५ अँपिअरची वायर घे. साधी सी वायर ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटवर थांबते.

प्रश्न : फोन पाण्यात पडला तर तांदळात ठेवावा का? (सांगलीवाडी)

उत्तर : तांदूळ भाताला ठेवा. फोन लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन घ्या. २०१९ च्या महापुरानंतर माझ्या टेबलावर टीव्ही, मिक्सर, फोन यांचा ढीग लागला होता. 'चालतंय का बघू' म्हणून ज्यांनी आधी बटण दाबून पाहिलं, त्यांचेच बोर्ड जास्त काळे पडलेले निघाले.