सेवेची इच्छा आहे, पण काम कोणते निवडावे?

प्रश्न : बँकेतून निवृत्त झाल्यावर मी एका बालगृहात शनिवार-रविवार मुलांना शिकवायला जात होते. मुले ऐकत नसत, माझी चिडचिड होई आणि अखेर मी जाणे थांबवले. काहीतरी करण्याची इच्छा मात्र कायम आहे. वाचनाची आवड आहे, म्हणून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत लेखनिक व्हावे असे वाटते. ते मला जमेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बालगृहातील काम सुटले म्हणजे आपला सेवाभाव कमी पडला, असा अर्थ कृपया काढू नका. वेगवेगळ्या वयांच्या मुलांना एकत्र बसवून शिकवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते बँकेच्या नोकरीत शिकायला मिळत नाही. संस्थेचा उद्देश पटला की आपण होकार देतो. तेथे गेल्यावर दोन तास प्रत्यक्षात काय करायचे आहे, हे विचारायचे राहून जाते.

लेखनिकाच्या कामात मात्र आपले शिक्षणच आड येण्याचा संभव आहे. लेखनिकाने उत्तरात स्वतःची भर घालू नये, यासाठी शालेय परीक्षांत तो सहसा खालच्या इयत्तेतील विद्यार्थी असावा लागतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही उमेदवाराने स्वतः आणलेल्या लेखनिकाची शैक्षणिक पात्रता उमेदवारापेक्षा एक पायरी खाली असावी, असे म्हटले होते. नियम परीक्षेनुसार बदलतात; तरी पदवीधर व्यक्तीला दहावी-बारावीसाठी संधी मिळणे कठीणच.

माझ्या मते आपण पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे काम करावे, आणि तेही वाणिज्य शाखेची. साधा मजकूर आता संगणक वाचून दाखवतो, परंतु पुस्तपालनाच्या पुस्तकातील पानाचे छायाचित्र त्याच्यापुढे आले, की ताळेबंदाचे रकाने एकमेकांत मिसळतात आणि कोणती रक्कम कोणत्या बाबीची हे ऐकणाऱ्याला कळेनासे होते. आपण मात्र ‘आता देण्यांची बाजू वाचते, पहिली बाब भांडवल, रक्कम अमुक’ असे सांगत पुढे जाऊ शकाल. रोजकीर्दीतील नोंदीत कोणते खाते नावे आणि कोणते जमा, हे आपण ज्या सहजतेने वाचाल, ती केवळ गोड आवाजाच्या वाचकाकडे नसते. अर्थशास्त्रातील आलेखाबाबतही तसेच: ‘आकृती पाहा’ एवढे वाचून उपयोग नाही, उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर मागणी आणि वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो, हे शब्दांत मांडावे लागते.

कायद्याची शंका मनात आली असेल तर, दृष्टिहीन व्यक्तींसाठी ना-नफा तत्त्वावर अशा आवृत्त्या तयार करण्यास कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे. नाशिकमध्येच ‘नॅब’चे, म्हणजे राष्ट्रीय अंध संघटनेच्या महाराष्ट्र शाखेचे कार्यालय आहे, तेथे किंवा जवळच्या महाविद्यालयात चौकशी करावी. प्रथम एकच प्रकरण ध्वनिमुद्रित करून एखाद्या विद्यार्थ्याला ऐकवा आणि वेग, आकडे, थांबे यांविषयी त्याचे मत विचारा. शक्य असल्यास जून-जुलैमध्येच सुरुवात करा, कारण ऐन परीक्षेच्या तोंडावर हाती आलेले पुस्तक विद्यार्थ्याला पुन्हा पुन्हा ऐकायला वेळ उरत नाही.