समाजशास्त्र म्हणजे माहीत असलेल्याच गोष्टी अवघड शब्दांत सांगणं का? अभ्यासाला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की बी.ए.च्या पहिल्या वर्षाला समाजशास्त्र घेतलंय, दुर्खीम आणि वेबर या समाजशास्त्रज्ञांच्या व्याख्या पाठ झाल्यात, पण 'हे तर कोणालाही माहीत असतं' यापलीकडे विषय हाती लागत नाही. मी बडोद्यात हाच विषय शिकले आणि आता पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. तुमची शंका दरवर्षी वर्गात कोणी ना कोणी काढतंच, आणि ती काढणाऱ्या मुलांनाच पुढे हा विषय आवडू लागतो, असं मी पाहिलंय.

माझा सल्ला असा. व्याख्या काही दिवस बाजूला ठेवा. ज्यावर सगळ्यांचं एकमत आहे असं एखादं वाक्य घ्या आणि ते तपासायला लागा. मी नेहमी हे वाक्य देते: 'पूर्वी सगळीकडे एकत्र कुटुंबं होती, आता ती मोडली.' लग्नाच्या पंगतीत हे वाक्य कोणीही टाकतं आणि शेजारचे माना डोलावतात. आता हे खरं की खोटं, हे ठरवायचं कसं?

आधी एकत्र कुटुंब कशाला म्हणायचं ते ठरवावं लागेल. इरावती कर्वे यांनी 1953 साली भारतातल्या नातेसंबंधांवरच्या आपल्या ग्रंथात दिलेली व्याख्या तुमच्या पाठ्यपुस्तकात असेलच: साधारणपणे एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचं जेवणारी, मालमत्ता सामायिक असलेली, पूजाअर्चा एकत्र करणारी आणि एकमेकांच्या नात्यातली माणसं. वाचताना सोपं वाटतं. ही व्याख्या हातात घेऊन आमच्याकडच्या एका वाड्यात चला.

दांडिया बाजारच्या मागच्या बाजूला एक जुना मराठी वाडा आहे. सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन मी तिथे गेले होते. खाली थोरले भाऊ, वर धाकटे. गॅस दोन, रेशनकार्डं दोन. देवघर मात्र एकच, खालचं. आजी दुपारी खाली जेवतात, रात्री वर. मधला मुलगा मांजलपूरला फ्लॅटमध्ये राहतो, पण आजींची औषधं आणि डॉक्टर त्याच्याकडे. वाडा अजून आजोबांच्याच नावावर, वाटणी झालेली नाही. गौरी-गणपतीला तिन्ही घरं खालीच जेवतात. फॉर्ममध्ये रकाना होता: 'कुटुंबाचा प्रकार, एकत्र / विभक्त'. मी थोरल्या काकूंना विचारलं, तर त्या सहज म्हणाल्या, "आम्ही एकत्रच की गं, फक्त चुली वेगळ्या."

मी कुठे खूण करायची? कर्व्यांच्या व्याख्येतलं छप्पर दोघांचं एक, चूल वेगळी, मालमत्ता सामायिक, देव सामायिक. आपल्या जनगणनेत मुख्य कसोटी एका स्वयंपाकघराची असते, तेव्हा जनगणनेचा माणूस इथे दोन कुटुंबं लिहून जाईल आणि मांजलपूरला तिसरं. तिघांपैकी कोणीही भांडलेलं नाही, पण देशाच्या आकडेवारीत एक मोठं कुटुंब 'मोडलं' अशी नोंद होते. संकल्पना मोजता येईल अशी करणं म्हणजे काय आणि त्यात काय निसटतं, हे या एका रकान्यात कळतं. पाठ्यपुस्तकातल्या त्या प्रकरणाला मुलं कंटाळतात, पण माझ्या मते संशोधनपद्धतीचा जीव तिथेच आहे.

हा घोळ उलगडण्याचं मोठं काम बडोद्याशी जोडलेलं आहे, आणि याचा मला खरोखर अभिमान वाटतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 साली स्थापन झालं आणि 1951 साली एम. एन. श्रीनिवास यांनी इथे समाजशास्त्राचा विभाग उभा केला. 1959 साली ते दिल्लीला गेले. इथे शिकवणारे आय. पी. देसाई यांनी 1950 च्या दशकात मुद्दा मांडला की कोण कोणाबरोबर राहतं एवढं पाहून कुटुंब एकत्र की विभक्त ते ठरत नाही. मालमत्ता, पैशाची देवाणघेवाण, एकमेकांची जबाबदारी, अडीनडीला धावून जाणं हे नात्यांतलं एकत्रपण पाहायला हवं. नंतर सौराष्ट्रातल्या महुवा या लहान शहरात त्यांनी ते तपासलं, आणि वेगळी राहणारी घरंही या अर्थाने बऱ्याच अंशी एकत्र असतात असं दाखवलं. मांजलपूरचा मुलगा आठवा.

श्रीनिवासांचे बडोद्यातले विद्यार्थी ए. एम. शहा यांनी दुसऱ्या बाजूने हात घातला. राहण्याचं घर आणि नात्यांचं कुटुंब या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून अभ्यासायच्या, असा त्यांचा आग्रह. खेडा जिल्ह्यातल्या राधवणज गावात त्यांनी क्षेत्रकार्य केलं, आणि त्याच गावाची 1825 च्या सुमाराची ब्रिटिश अमदानीतली घरवार नोंदही त्यांना मिळाली. म्हणजे ज्या 'पूर्वी'बद्दल आपण पंगतीत बोलतो, ती पूर्वीची घरं मोजायची संधी. निघालं काय, तर त्या काळीही लहान, साध्या रचनेची घरंच जास्त होती. सगळा देश धरला तर एकत्र घरांचं प्रमाण घटलेलं नसून वाढलेलं आहे, असंही त्यांनी पुढे मांडलं. शहरातल्या शिकल्यासवरल्या वर्गात घरं लहान झाली, आणि त्याच वर्गाने आपला अनुभव साऱ्या देशाचा म्हणून सांगितला.

एकत्र घरं वाढण्याचं एक कारण इतकं साधं आहे की वर्गात सांगितल्यावर मुलं गप्पच होतात. तीन पिढ्यांचं घर व्हायला आजी-आजोबा जिवंत असावे लागतात. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं. ही सरासरी बालमृत्यूंमुळे फार खाली ओढली गेलेली होती हे खरं, तरी नातवाचं लग्न पाहणारे आजोबा तेव्हा कमीच. आज आयुर्मान सत्तरीला टेकलंय. माणसं जगली, म्हणून तीन पिढ्या एका घरात दिसू लागल्या. शिवाय घर काही कायम एकाच अवस्थेत राहत नाही. नवराबायको आणि मुलं, मग सून येते, मग नातवंडं, मग आजोबा जातात, भाऊ वेगळे होतात आणि पुन्हा लहान घर. एकाच दिवशी पाहणी केली तर यातला एकच टप्पा पकडला जातो आणि आपण त्याला त्या घराचा 'प्रकार' म्हणून मोकळे होतो.

सरासरीपासूनही जपून राहा. भारतातल्या घराचा सरासरी आकार विसाव्या शतकात बहुतेक वेळा पाच माणसांच्या आसपास राहिला. पण आईबाप आणि तीन मुलं मिळून पाच, आणि सासू-सासरे, मुलगा, सून, नातू मिळूनही पाचच. दुर्खीमच्या 1897 च्या आत्महत्येवरच्या ग्रंथाला पुढच्या अभ्यासकांनी घेतलेला एक आक्षेप याच जातीचा आहे. प्रोटेस्टंट बहुसंख्य असलेल्या प्रांतांत आत्महत्यांचा दर जास्त आहे, एवढ्यावरून त्या प्रांतातल्या प्रोटेस्टंट व्यक्तींमध्ये तो जास्त आहे असं थेट म्हणता येत नाही. समूहाच्या आकड्यावरून माणसाबद्दल बोलायचं नाही, हा नियम तुम्हाला पुढे वर्तमानपत्र वाचतानाही लागेल.

आता सिद्धांत. ते एकापाठोपाठ एक पाठ करण्यापेक्षा त्याच वाड्याला लावून पाहा. मार्क्सच्या परंपरेतला अभ्यासक आधी विचारेल की वाडा कोणाच्या नावावर आहे आणि वाटणी थांबवून कोणाचा फायदा होतो. मार्क्सचा सहकारी एंगल्सने 1884 साली कुटुंब आणि खाजगी मालमत्ता यांची सांगड घातली ती याच दिशेने. वेबरच्या वाटेने गेलात तर काकूंच्या उत्तरापाशी थांबाल: चुली वेगळ्या झाल्यावरही त्यांना 'एकत्रच' म्हणावंसं का वाटतं, त्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय? आजींच्या शब्दाला घरात जो मान आहे, त्याला वेबर परंपरागत अधिसत्ता, म्हणजे रूढीने आलेला अधिकार, म्हणेल. दुर्खीमने 1912 साली ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या विधींवर लिहिताना म्हटलं होतं की एकत्र येऊन केलेल्या विधीतून समूह स्वतःला नव्याने बांधतो. गौरी जेवणाच्या दिवशी तो वाडा पाहिला तर हे वेगळं समजवावं लागत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पार्सन्स म्हणेल की औद्योगिक समाजाला नोकरीमागे जाऊ शकणारं लहान कुटुंब सोयीचं पडतं, आणि इथे देसाई व शहा त्याला अडवतील. या सगळ्यांतून एक प्रश्न मात्र निसटतो: दोन्ही मजल्यांवरचा स्वयंपाक, आजींचं पथ्य आणि गौरीचा नैवेद्य कोण करतं? लीला दुबे यांच्यासारख्या स्त्री-अभ्यासकांनी नातेसंबंधांचा अभ्यास या बाजूने उघडला, आणि तो वाचल्याशिवाय कुटुंबाचं प्रकरण पूर्ण झालं असं मी मानत नाही.

'सामाजिक तथ्य' ही संकल्पना मात्र वाड्यात नीट समजत नाही, कारण रीतीप्रमाणे वागणाऱ्याला तिचा जाच कळत नाही. दुर्खीमने 1895 साली म्हटलं की अशी तथ्यं व्यक्तीच्या बाहेर असतात आणि तिच्यावर दाब आणतात. तो दाब विरोधात गेल्यावर दिसतो. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकलेले डॉ. आंबेडकर 1917 साली नोकरीसाठी इथे आले. राजाचा आश्रय, परदेशातलं शिक्षण, संस्थानची नोकरी, सगळं होतं. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहावं लागलं, तिथून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं, मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. मुंबईच्या गाडीला अवकाश होता, तो वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून काढला. हे त्यांनीच लिहून ठेवलंय. कोणा एका माणसाचा स्वभाव वाईट होता म्हणून हे घडलं नाही. संपूर्ण शहर एका नियमाने वागत होतं. त्याच्या आदल्याच वर्षी, मे 1916 मध्ये, कोलंबियातल्या चर्चासत्रात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचं मूळ लक्षण अंतर्विवाह, म्हणजे आपल्याच जातीत लग्न, हे सांगितलं होतं. तो निबंध अवश्य वाचा. समाजशास्त्र परदेशी लोकांनी परदेशी लोकांबद्दल लिहिलंय, हा समज तिथेच संपतो.

पद्धतींबद्दल थोडं. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म टाकून शेकडो उत्तरं गोळा करणं म्हणजे संशोधन, असं आजकाल बरीच मुलं समजतात. अमेरिकेत 1936 साली राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी मतपत्रिका पाठवल्या, 20 लाखांहून जास्त परत आल्या, आणि लँडन निवडून येणार असं त्यांनी सांगितलं. जिंकले रूझवेल्ट, 48 पैकी 46 राज्यांत. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या याद्यांतून, शिवाय उत्तरं पाठवणारेही वेगळ्या कलाचे होते. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपने त्याहून कितीतरी लहान, पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून बरोबर अंदाज दिला होता. आकडा मोठा असून भागत नाही; उत्तर न देणारे कोण आहेत ते पाहावं लागतं.

सहभागी निरीक्षणाला, म्हणजे लोकांमध्ये राहून केलेल्या अभ्यासालाही, हीच मर्यादा आहे. श्रीनिवास 1948 साली म्हैसूरकडच्या गावात राहिले ते पाटलाच्या आश्रयाने, त्यामुळे गाव त्यांना वरच्या बाजूने जास्त दिसलं, अशी टीका झाली. तरी ग्रंथांतला समाज आणि प्रत्यक्षातला समाज यांतला फरक त्यांनी ज्या जोरकसपणे मांडला, त्याचं मोल कमी होत नाही. एकत्र कुटुंबाचा सगळा गैरसमज धर्मशास्त्राच्या आणि कायद्याच्या पोथ्यांवरूनच तर पसरला होता.

तेव्हा तुम्ही एवढंच करा. तुमच्या ओळखीबाहेरच्या काही घरांत जा. 'कुटुंब एकत्र की विभक्त' असं विचारूच नका. चूल कोणाची, पैसे कोणाकडून कोणाकडे जातात, घर कोणाच्या नावावर, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात कोण नेतं, सणाला कुठे जमता आणि स्वयंपाक कोण करतं, हे विचारा. पुरुष आणि बाई, दोघांना वेगवेगळं विचारा, कारण उत्तरं जुळत नाहीत. नावं लिहू नका, आणि माहिती कशासाठी हवी ते आधी सांगा. घरी आल्यावर त्याच रात्री टिपणं पूर्ण करा; दुसऱ्या दिवशी लोकांचे शब्द पुसट होतात आणि आपले शब्द त्यांच्या तोंडी बसतात. परीक्षेत कर्व्यांची व्याख्या आली की ती लिहा, आणि खाली यातलं एक घर, नाव न देता, दोन ओळींत मांडून ती कुठे लागू पडते आणि कुठे अडते ते दाखवा.