दोन वर्षांची मुदत रुग्णालयाच्या चौकशीसाठी थांबत नाही

सोलापूर जिल्ह्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचे वडील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असताना रात्री वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत मशीन स्वतःच्या बॅटरीवर चालायला हवे होते, ते बंद पडले. हाताने श्वास देण्याची अँबू बॅग शोधून लावेपर्यंत काही मिनिटे गेली आणि तिसऱ्या दिवशी वडिलांचे निधन झाले. त्या रात्री वाचकांनी मशीनवर चिकटवलेल्या सर्व्हिसिंगच्या स्टिकरचा फोटो मोबाइलवर घेतला होता. त्यावर लिहिलेली पुढील सर्व्हिसिंगची तारीख उलटून आठ महिने झाले होते. रुग्णालयाने लेखी कळवले की देखभालीचे कंत्राट बाहेरच्या कंपनीकडे आहे आणि अंतर्गत चौकशी चालू आहे. या सगळ्याला आता २३ महिने होत आले आहेत. चौकशीचा अहवाल कसा मिळवावा आणि दावा रुग्णालयावर करावा की कंपनीवर, असे त्यांनी विचारले आहे. डायलिसिसचे मशीन, इन्फ्युजन पंप, नवजात बालकांचे वॉर्मर यांच्याबाबतही अशाच वळणाची पत्रे माझ्याकडे येत असतात, म्हणून हे उत्तर सविस्तर देत आहे.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण ओझरती लिहिली आहे, ती म्हणजे २३ महिने. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार वादकारण, म्हणजे दाद मागण्याचा हक्क देणारी घटना, घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हावी लागते. रुग्णालयाने चौकशी पूर्ण केल्यापासून, शेवटचे पत्र पाठवल्यापासून किंवा आपल्या नोटिशीला नकार दिल्यापासून ही दोन वर्षे मोजली जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने कंदिमल्ला राघवय्या प्रकरणात २००९ साली हे पुरेसे स्पष्ट केले आहे. त्या प्रकरणात आग १९८८ ची होती, विमा कंपनीचे नकाराचे पत्र १९९६ चे होते आणि तक्रारदाराला त्या पत्रापासून मुदत मोजायची होती. न्यायालयाने ते मान्य केले नाही, कारण पत्रव्यवहार केल्याने संपत आलेली मुदत वाढत नाही आणि संपलेली मुदत पुन्हा सुरू होत नाही. त्याच वर्षीच्या आणखी एका निकालात न्यायालयाने असेही सांगितले की समोरच्या पक्षाने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी ग्राहक मंचाने, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगाने, तो स्वतःहून तपासलाच पाहिजे. समोरचा वकील गप्प बसेल या आशेला म्हणूनच जागा नाही.

हे मी कठोरपणे लिहितो आहे, कारण आपल्या पत्रावरून या २३ महिन्यांत काय झाले ते दिसते. पहिले सहा महिने आपण ओळखीच्या नगरसेवकांमार्फत प्रकरण मिटवण्याचा प्रयत्न केलात आणि त्यांच्या सांगण्यावरून उपचारांची मूळ फाइल रुग्णालयाला ‘पाहण्यासाठी’ परत दिलीत. त्यानंतर दर दोन महिन्यांनी चौकशीचे काय झाले असे विचारणारा ई-मेल पाठवलात आणि प्रत्येक वेळी ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढेच उत्तर मिळाले. रुग्णालयाने ठरवून वेळ काढला असे मी म्हणणार नाही, तसा पुरावा आपल्याकडे नाही. मात्र वेळ गेल्याचा लाभ त्यांनाच होणार आहे. अंतर्गत चौकशीचा अहवाल आपल्याला देण्याचे कायदेशीर बंधन खासगी रुग्णालयावर आहे असे मला खात्रीने सांगता येत नाही, आणि असले तरी त्या अहवालासाठी थांबण्याचे कारण नव्हते व आजही नाही.

दिवस मोजताना वडिलांच्या निधनाची तारीख धरू नका. ज्या रात्री मशीन बंद पडले ती तारीख धरा, कारण वादकारण त्या रात्रीच घडले असा युक्तिवाद होऊ शकतो आणि दोन-तीन दिवसांच्या फरकासाठी प्रकरण धोक्यात घालण्यात शहाणपण नाही. विलंब माफ करण्याचा अधिकार कलम ६९ च्या दुसऱ्या उपकलमाने आयोगाला दिलेला आहे, परंतु त्यासाठी समाधानकारक कारण लागते. रुग्णालयाच्या उत्तराची वाट पाहत होतो, हे कारण कितपत टिकेल याबद्दल मला गंभीर शंका आहे. श्रीखंडे प्रकरणात गोव्यातील सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या एका परिचारिकेच्या पोटात १९९३ च्या शस्त्रक्रियेनंतर गॉज राहिले होते, ते २००२ साली उघडकीला आले आणि तक्रार २००४ मध्ये दाखल झाली. इतकी वर्षे वेदना सहन करूनही चौकशी का केली नाही, असा प्रश्न करून सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती तक्रार मुदतबाह्य ठरवली. दोष शरीराच्या आत दडलेला असतानाही न्यायालयाने ही भूमिका घेतली. आपल्याला तर मशीन बंद पडल्याचे त्याच क्षणी कळले होते.

ग्राहक आयोगात उशीर झाला तर दिवाणी न्यायालय आहेच, अशी समजूत अनेक पत्रांत दिसते. प्राणघातक अपघात अधिनियम, १८५५ खालील दाव्यालाही मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ८२ प्रमाणे मृत्यूच्या तारखेपासून दोनच वर्षे मिळतात, आणि दाव्याच्या बाबतीत विलंबमाफीची तरतूद असलेले कलम ५ लागू होत नाही. ते दार ग्राहक आयोगापेक्षाही घट्ट बंद होते. कोरोनाकाळात मुदत मोजण्यातून जो काळ वगळला गेला, त्याची मर्यादा २८ फेब्रुवारी २०२२ रोजी संपली आहे, तिचा आधार आपल्याला नाही.

आता रुग्णालय की कंपनी, या प्रश्नाकडे वळतो. आपल्या वडिलांचा संबंध रुग्णालयाशी होता, शुल्क रुग्णालयाने आकारले आणि ते मशीन त्या खाटेशी लावण्याचा निर्णय रुग्णालयाचा होता. कंपनीचा माणूस सर्व्हिसिंगला आला नसेल तर ती कंपनीची कसूर असेल, पण तारीख उलटलेले स्टिकर आठ महिने रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते आणि तरीही मशीन वापरात राहिले, ही कसूर कोणत्याही कंत्राटाने दुसऱ्यावर ढकलता येईल असे मला वाटत नाही. देखभाल बाहेर देता येते. ती झाली की नाही हे पाहण्याची जबाबदारी मात्र रुग्णालयाकडेच राहते, आणि माझ्या मते आपल्या तक्रारीचा कणा हाच असला पाहिजे. सविता गर्ग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले की प्रत्येक डॉक्टरला पक्षकार न करताही रुग्णालयाविरुद्ध तक्रार चालते आणि योग्य काळजी घेतली होती हे दाखवण्याचा भार रुग्णालयावर येतो. कंपनीला दुसरा सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, म्हणून अवश्य सामील करा, म्हणजे आवश्यक पक्षकार नाही असा आक्षेप उरणार नाही. २०१९ च्या कायद्यात उत्पादनाला सेवा देणाऱ्याच्या दायित्वाची तरतूद कलम ८५ मध्ये आहे, पण ती आपल्या बाबतीत थेट लागू पडेल की नाही याविषयी मी ठाम नाही.

पुराव्याबाबत एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रुग्णाच्या उपचारांची नोंद आणि मशीनच्या देखभालीची नोंद या दोन वेगळ्या नोंदी असतात. उपचारांच्या कागदपत्रांची मागणी केल्यापासून ७२ तासांत ती देण्याचे आणि आंतररुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपण्याचे बंधन भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने डॉक्टरांवर घातले आहे, म्हणून ती मागणी आजच लेखी करा. तिथेही घड्याळ चालू आहे. मशीनची नोंद या नियमात येत नाही. ती रुग्णालयाची उपकरणे सांभाळणाऱ्या बायोमेडिकल विभागाच्या रजिस्टरमध्ये, कंपनीच्या सर्व्हिस रिपोर्टमध्ये आणि मशीन स्वतः आपोआप ठेवते त्या घडामोडींच्या नोंदीत, म्हणजे इव्हेंट लॉगमध्ये असते. हा लॉग मर्यादित क्षमतेचा असतो आणि मशीन दुसऱ्या रुग्णांना लावले जाते तसतशा जुन्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात. २३ महिन्यांनंतर त्या रात्रीची नोंद मशीनमध्ये उरली असेल, अशी आशा मी आपल्याला देणार नाही. पहिल्याच आठवड्यात एक साधी नोटीस गेली असती तर कदाचित ती हाती लागली असती.

सर्व्हिस रिपोर्ट मात्र अजून मिळू शकतो आणि माझ्या दृष्टीने तोच निर्णायक ठरेल. वार्षिक देखभालीच्या कंत्राटात, ज्याला रुग्णालयांत एएमसी म्हणतात, सुटे भाग सहसा धरलेले नसतात; सर्वसमावेशक म्हणजे सीएमसी प्रकारच्या कंत्राटातही बॅटरीसारखे झिजणारे भाग बऱ्याचदा वगळलेले असतात. अशा वेळी कंपनीचा इंजिनिअर ‘बॅटरी बदलणे आवश्यक’ असा शेरा मारून जातो, रुग्णालयाचा कर्मचारी त्यावर सही करतो, कोटेशन येते आणि मंजुरीसाठी पडून राहते. असा शेरा आणि अशी सही असलेला एक कागद निघाला, तर कंपनीकडे बोट दाखवणारा रुग्णालयाचा सारा बचाव कोसळेल. उलट, कंत्राटाचे नूतनीकरणच झालेले नसेल, तर त्या बचावाला मुळात आधार नव्हता असे दिसेल. दोन्ही गोष्टी कंत्राट आणि रिपोर्ट पाहिल्याशिवाय कळणार नाहीत. ते आपल्याला पत्र पाठवून कुणी देणार नाही, पण कागदपत्रे हजर करायला लावण्याचा दिवाणी न्यायालयासारखा अधिकार कलम ३८(९) ने आयोगाला दिलेला आहे. आधी पुरावा आणि मग तक्रार, हा आपण मनाशी धरलेला क्रम इथे उलटा करावा लागेल. तक्रारीसोबतच कंत्राट, सर्व्हिस रिपोर्ट, बॅटरी बदलल्याची नोंद, ब्रेकडाउन कॉलची नोंद, जनरेटर व यूपीएसचे रजिस्टर आणि त्या रात्रीचा नर्सिंग चार्ट हजर करण्याचा अर्ज द्या, आणि मशीन व त्याचा लॉग आहे त्या स्थितीत ठेवण्याचा अंतरिम आदेश कलम ३८(८) खाली मागा. रुग्णालय एनएबीएच (रुग्णालयांना गुणवत्तेचे मानांकन देणारे राष्ट्रीय मंडळ) मानांकित असेल तर तेही तक्रारीत नमूद करा, कारण उपकरणांची यादी, कॅलिब्रेशन (मापनाच्या अचूकतेची तपासणी) आणि नियतकालिक देखभालीच्या नोंदी ठेवणे हा त्या मानकांचाच भाग आहे.

पोलिसांत जावे का, असेही आपण विचारले आहे. सर्वोच्च न्यायालयाचा जेकब मॅथ्यू प्रकरणातील २००५ चा निकाल आपल्या घटनेच्या फार जवळचा आहे. लुधियानाच्या एका रुग्णालयात श्वासाचा त्रास होणाऱ्या रुग्णाला लावलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला होता आणि रुग्ण दगावला होता. न्यायालयाने डॉक्टरांवरील फौजदारी कारवाई रद्द केली. सिलिंडर उपलब्ध नसणे किंवा रिकामा असणे यासाठी रुग्णालय दिवाणी कायद्याने जबाबदार असू शकेल, असे म्हणून त्यावर मत देणे मात्र टाळले. सध्या आपली शक्ती फौजदारी तक्रारीत खर्च करू नये, असेच मी सांगेन. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद डॉक्टरांचे वर्तन तपासते, मशीनची देखभाल नाही. रुग्णालयांची नोंदणी करणाऱ्या स्थानिक प्राधिकरणाकडे स्वतंत्र अर्ज देता येईल, पण त्याच्या उत्तरासाठी एक दिवसही थांबू नका.

आपल्या बाजूतील कच्चे दुवे लपवण्यात अर्थ नाही. शवविच्छेदन झालेले नाही. वडील आधीच अत्यवस्थ होते आणि मशीन बंद पडले नसते तरी हेच झाले असते, असे रुग्णालय म्हणेल. नर्सिंग चार्टमधील ऑक्सिजनच्या पातळीच्या नोंदी आणि त्यानंतरच्या दोन दिवसांतील मेंदूच्या स्थितीच्या नोंदी यावर याचे उत्तर अवलंबून राहील. उघड निष्काळजीपणाच्या प्रकरणात तज्ज्ञाचा अहवाल प्रत्येक वेळी आवश्यक नाही, असे व्ही. किशन राव निकालात २०१० साली म्हटले असले, तरी मृत्यूचा संबंध जोडण्यासाठी एका भूलतज्ज्ञाचे किंवा अतिदक्षता तज्ज्ञाचे लेखी मत आपण घ्यावे. ते नंतर जोडता येईल. देह ताब्यात घेताना ‘तक्रार नाही’ अशा कागदावर आपण केलेली सही त्रासदायक आहे, पण तेवढ्याने दाद मागण्याचा हक्क संपतो असे मला वाटत नाही. बिल विमा कंपनीने भरले म्हणून आपण ग्राहक ठरत नाही, ही भीती सोडा. विम्यातून भरलेले शुल्क म्हणजे मोफत सेवा नव्हे, हे व्ही. पी. शांता निकालातच १९९५ मध्ये ठरले आहे. ज्या सरकारी रुग्णालयात सर्वांवरच मोफत उपचार होतात, तिथली गोष्ट निराळी आहे. अशा वाचकांनी देखभालीचे कंत्राट आणि नोंदी माहिती अधिकारात मागाव्यात आणि पुढचा मार्ग वकिलांशी स्वतंत्रपणे बोलून ठरवावा. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाच्या आगीत दहा बालके गेली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीची गळती होऊन किमान २२ रुग्ण दगावले. त्यानंतरही आपल्या नातेवाईकाला लावलेल्या मशीनची शेवटची तपासणी कधी झाली, हे कुटुंबाला सहजी समजेल अशी सोय दिसत नाही, याची मला चीड येते.

तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येईल. अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर दिलेल्या मोबदल्यावर ठरते. आपले बिल ५ लाखांच्या आत असल्यामुळे दाखल करण्याचे शुल्कही नाही. ई-जागृती पोर्टलवरून ती ऑनलाइन दाखल होते. आई आणि बहिणीलाही वारस म्हणून तक्रारदार करा. कायद्यात निकालासाठी तीन ते पाच महिने लिहिलेले आहेत, प्रत्यक्षात वर्षे लागतात. रिकाम्या पदांचा आणि वारंवार पडणाऱ्या तारखांचा भार शोकात असलेल्या कुटुंबांनी किती काळ वाहायचा, हा प्रश्न मला प्रत्येक प्रकरणात अस्वस्थ करतो. रुग्णालयाला मात्र लेखी म्हणणे देण्यासाठी नोटीस मिळाल्यापासून ३० आणि वाढवून १५, असे ४५ दिवसच मिळतील. ही मर्यादा ओलांडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवले आहे.

मोबाइलमधला मूळ फोटो पुसू नका आणि तो फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र त्या फोटोसोबत जोडावे लागेल आणि त्यासाठी मूळ उपकरण हाताशी असणे उपयोगी पडेल. येत्या आठवड्यात वकील नेमा. सर्व कागद हाती नसले तरी आज आहेत तेवढ्यांवर तक्रार दाखल करा आणि पोर्टलवर मिळणारा दाखल झाल्याचा क्रमांक व तारीख छापून जपून ठेवा.