ऑपरेशन झालं, तरी रात्री चारदा उठणं

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वडिलांचं प्रोस्टेटचं दुर्बिणीचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले, धार मोकळी झाली, पण रात्री चारदा उठणं सुटलं नाही. घरचे म्हणतात, पैसे पाण्यात गेले. तसं लगेच धरून बसू नका. चार वर्षांपूर्वी जळगावला माझं टीयूआरपी, म्हणजे हेच दुर्बिणीचं ऑपरेशन, झालं, तेव्हा मीही हेच म्हणत होतो.

ऑपरेशनने वाढलेल्या प्रोस्टेटचा अडथळा निघतो. रात्रीचं उठणं मात्र सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात कमी सुधारतं. पहिले ६ ते १२ आठवडे आतली जखम भरत असते, तेव्हा घाई लागतेच. वर्षानुवर्षं जोर लावून मूत्राशय चिडकं झालेलं असतं, ते शांत व्हायलाही काही महिने जातात.

माझं कारण मात्र वेगळंच निघालं. डॉक्टरांनी तीन दिवस लघवी मोजून लिहायला सांगितली. मापाचा प्लॅस्टिकचा मग आणला. बायकोने आधी तो स्वयंपाकघरातला नाही ना, याची दोनदा खात्री करून घेतली! एका दिवसाचा हिशेब अजून वहीत आहे: २४ तासांत १८०० मिली, त्यातली रात्रीची २५०, ३००, २०० आणि सकाळी उठल्यावरची पहिली २५०. म्हणजे १०००, निम्म्याहून जास्त. सकाळची पहिली रात्रीतच धरायची, ती दिवसात धरण्याची चूक बरेच जण करतात. साठी-पासष्टीनंतर रात्रीचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला, तर शरीरच रात्री जास्त लघवी बनवतंय असं समजतात. तिथे प्रोस्टेट कितीही कोरलं तरी काय उपयोग? उलट दर वेळी ६०-७० मिलीच होत असेल, तर मूत्राशयाकडे बघावं लागतं.

संध्याकाळी माझ्या घोट्यावर मोज्यांचे वळ उमटायचे. दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झालं की रक्तात परत येतं आणि किडनी ते रात्री बाहेर टाकते. माझी बीपीची गोळी पाय सुजवणारी होती, डॉक्टरांनी ती बदलली. दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून पडायला लागलो. रात्रीच्या शेवभाजीबरोबरचा पापड-लोणचं बंद केलं, मीठ तेवढंच कमी. सहानंतर चहा नाही.

पाणी मात्र तोडू नका. मी एका मे महिन्यात तो शहाणपणा केला. पंचेचाळीस अंशांत दिवसभर घसा कोरडा, लघवी पिवळीजर्द, जळजळ वेगळीच. पाणी सकाळपासून पाचपर्यंत भरपूर प्यायचं, मग हात आखडता.

वडील मोठ्याने घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, तेही डॉक्टरांना सांगा. साखर तपासून घ्या. रात्रीची लघवी कमी करणारी गोळी मिळते, पण तिने रक्तातलं सोडियम उतरू शकतं आणि म्हातारा माणूस गोंधळू शकतो. ती मेडिकलवाल्याच्या भरवशावर कधीच नाही. ताप, लघवीत रक्ताच्या गुठळ्या किंवा लघवी तुंबणं असलं, तर वही-मग सोडा आणि सरळ दवाखाना गाठा.

मी आता एकदा उठतो, लग्नाची पंगत झाली की दोनदा.

आणि एक, उन्हाळ्यात वडील धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपत असतील तर या वर्षी खाली ओसरीत झोपवा. अर्ध्या झोपेत अंधारातला जिना उतरताना आमच्या गल्लीत दोघांची खुब्याची हाडं मोडलीत.